माझगावचे काका : बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा



आपल्या किनाऱ्यावरचा माणूस मोऱ्याहून वा रेवसहून लाँचने निघो, की अलीकडच्या मांडव्याच्या रो-रो बोटीने निघो, तो मुंबईस पाय ठेवतो भाऊच्या धक्क्यावर. धक्क्याच्या मागेच माझगाव. त्या माझगावात गोद्यांच्या, गुदामांच्या आणि रेल्वेच्या रुळांच्या गर्दीत माथारपाखाडी नावाची एक जुनी वस्ती अजून उभी आहे. अरुंद गल्ल्या, लाकडी जिन्यांची कौलारू घरे आणि मध्ये एक क्रूस. आपल्याकडच्या रेवदंड्याच्या किंवा कोर्लईच्या माणसास तेथे नेऊन सोडले तर त्यास फारसे परके वाटू नये. ह्या वस्तीत १७ मार्च १८६४ रोजी जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म झाला. पुढे ते बॅरिस्टर झाले, टिळकांचे सोबती झाले, मजुरांचे पुढारी झाले, मुंबईचे महापौर झाले. पण सारी मुंबई त्यांना ओळखीत असे ती 'काका' ह्या दोन अक्षरांनी.

आम्ही पदवीधर इतिहासकार नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारावर, मजूर न्यायालयाच्या व्हरांड्यात व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर पुष्कळ झाले. तेव्हा ह्या व्यासपीठावर एका बॅरिस्टराचे चरित्र सांगावयास आम्ही का उभे राहिलो, असा प्रश्न आपणांस पडणे रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या वकिलाने मजुरांचे वकीलपत्र घेतले त्याची आठवण मजुरांनीच ठेवावयास हवी होती आणि ती आपण ठेवलेली नाही. ख्रिस्ती समाज त्यांना आपला थोर पुरुष म्हणतो, ते योग्यच आहे. टिळकभक्तांच्या ग्रंथांत त्यांचे नाव एखाद्या तळटीपेत येते. आणि ज्या कामगार चळवळीच्या पाळण्याची दोरी त्यांच्या हाती होती, तिच्या सभांत त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

प्रथम त्यांच्या समाजाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो समाज ह्याच किनाऱ्यावरचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज चौलास आले, रेवदंड्यास त्यांनी कोट बांधला, पुढे वसई, साष्टी, मुंबई आणि उरणचे करंजा बेट त्यांच्या ताब्यात गेले. ह्या टापूतले जे कोळी, कुणबी, भंडारी त्या काळात ख्रिस्ती झाले, त्यांचीच ही वंशावळ. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, १७४० साली चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले, फिरंगी गेला. पण चर्च राहिले, चर्चपुढला क्रूस राहिला आणि प्रार्थना करणारी माणसेही राहिली. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच बोली अजून बोलतात. बाकी बहुतेक ठिकाणी घरची बोली मराठीच. लग्नात हळद मराठी, ओव्या मराठी, भांडण तर शंभर टक्के मराठी!

ह्या समाजाचे 'ईस्ट इंडियन' हे नाव पुष्कळांना बुचकळ्यात पाडते. पश्चिम किनाऱ्यावरचे लोक पूर्वेचे कसे झाले? त्याचे मूळ पोटापाण्यात आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत गोव्याचे व मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीस येऊ लागले. स्थानिक ख्रिस्त्यांना वाटले, आपण कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे इथले प्रजाजन. तेव्हा ते सरकारदरबारी ठसविण्यास नाव तसेच हवे. म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून त्यांनी हे नाव घेतले आणि आपली एक संस्था काढली. भूमिपुत्राने परप्रांतीयांशी नोकरीसाठी घातलेले हे जुने भांडण होय. आपल्याकडे बंदर आले आणि कारखाने आले, तेव्हा अशी भांडणे आपणही पाहिली आहेत. त्या समाजास आम्ही हसत नाही. परंतु एवढे लक्षात घ्यावे की, ज्या समाजाने सरकारनिष्ठेच्या नावाखाली स्वतःचे बारसे केले, त्याच समाजातून सरकारच्या उरावर बसणारा हा गडी निघाला.

बाप्टिस्टांचे प्रारंभीचे शिक्षण माझगावातच झाले. नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजात ते इंजिनियरिंग शिकले आणि काही काळ त्यांनी सरकारी नोकरीही केली. ती बरी चाललेली असताना ते विलायतेस गेले, केंब्रिज येथे राज्यशास्त्र वाचले आणि १८९९ साली बॅरिस्टर झाले. त्या काळी इंग्लंडात आयर्लंडच्या होमरूलचा प्रश्न धगधगत होता. एक लहानसे, गरीब, कॅथोलिक राष्ट्र जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याकडे स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा हक्क मागत होते आणि तेही कायद्याच्या भाषेत, पार्लमेंटात उभे राहून. माथारपाखाडीच्या ह्या कॅथोलिक तरुणावर त्या चळवळीचा गाढ परिणाम झाला. इकडे आपल्या समाजातले शहाणे लोक म्हणत, आपला धर्म आणि राज्यकर्त्यांचा धर्म एक, म्हणून आपण राज्यकर्त्यांना धरून राहावे. आयरिश माणसाने दाखविले की, क्रूस गळ्यात असूनही साम्राज्याशी भांडता येते.

मुंबईस परतल्यावर वकिली, लॉ कॉलेजात अध्यापन आणि १९०१ पासून म्युनिसिपल कॉर्पोरेशन, असा त्यांचा क्रम सुरू झाला. टिळकांशी स्नेह जुळला तो ह्याच काळात. १९०८ च्या जुलैत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी भाषण स्वतः केले हे सर्वश्रुत आहे. पण कायद्याच्या कामी त्यांच्या पाठीशी जी वकीलमंडळी होती त्यांत बाप्टिस्टा होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सातांविरुद्ध दोन असा लागला आणि २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा फर्मावली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडल्या. वर्षाला एक असे सहा वर्षांचे सहा दिवस मुंबईच्या मजुराने हरताळ पाळला, गोळ्या खाल्ल्या. ह्या संपाची दखल लेनिननेही घेतली.

इथे आम्हांस एक गोष्ट अडवून धरते. कोर्टाच्या आत एक ख्रिस्ती बॅरिस्टर टिळकांसाठी कायद्याची पुस्तके चाळीत आहे आणि कोर्टाच्या बाहेर कोकणातला नि घाटावरचा गिरणीकामगार टिळकांसाठी रस्त्यावर आला आहे. दोघांची अजून ओळख नाही. ती व्हावयास बारा वर्षे जावी लागली. टिळकांच्या १९०८ आणि १९१६ ह्या दोन खटल्यांत मिळून त्यांच्या बाजूने जी माणसे उभी राहिली ती पाहा : जिना मुसलमान, बाप्टिस्टा कॅथोलिक आणि डेव्हिड एरुलकर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे लोक ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शनिवार तेली म्हणत आले त्या समाजातले. टिळकांवर जातीयतेचा आरोप करणाऱ्यांनी आणि त्यांना एका जातीचे करून टाकणाऱ्यांनीही ही यादी एकदा वाचावी. पुढे सावरकरांवर १९१० मध्ये खटला भरला तेव्हाही बचावाच्या वकिलांत बाप्टिस्टा होतेच. अशा खटल्यांत कमाई काय होती? सरकारची खप्पामर्जी आणि गुप्त पोलिसांच्या दप्तरात नाव.

मंडालेहून टिळक १९१४ साली सुटले. १९१५ मध्ये पुण्यास राष्ट्रीय पक्षाची प्रांतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाप्टिस्टा. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली, तिचेही अध्यक्ष बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळक स्वतः पदावर नव्हते. स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे, ह्या घोषणेची मूळ कल्पना बाप्टिस्टांची, असे अनेकांनी लिहिले आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. घोषणा ज्याच्या तोंडून लोकांच्या काळजात शिरते तिची मालकी लोकांकडे जाते. १९१७ साली लीगच्या वतीने ते इंग्लंडास गेले आणि तेथे त्यांनी दार ठोठावले ते मजूर पक्षाचे, लॉर्डसाहेबांचे नव्हे. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचा सांधा इथे बदलला. हिंदुस्थानचे स्वराज्य आणि विलायतेतला मजूर यांचा संबंध आहे हे एकदा ध्यानात आल्यावर, हिंदुस्थानातल्या मजुराकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

१९२० च्या आरंभी टिळकांच्या अनुयायांनी नवा पक्ष आणि त्याचे इंग्रजी दैनिक काढण्याचे मनात आणले, तेव्हा संपादक होण्याविषयी बाप्टिस्टांनी थेट पाँडिचेरीस अरविंद घोषांना लिहिले. अरविंदबाबूंनी ५ जानेवारी १९२० च्या पत्राने नकार कळविला. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. नेता गेला, वर्तमानपत्र झाले नाही. पण ऑक्टोबरात जे झाले त्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्मास आली होती. तिच्या परिषदेस प्रत्येक देशातून सरकारचे, मालकांचे आणि मजुरांचे प्रतिनिधी जावयाचे. मजुरांचा प्रतिनिधी त्या देशातल्या प्रमुख मजूर संघटनांच्या संमतीने निवडावयाचा. परंतु हिंदुस्थानात सगळ्या देशाची अशी संघटनाच नव्हती, म्हणून सरकारने १९१९ साली आपल्याच पसंतीने ना. म. जोशी यांना धाडले. जोशी अत्यंत सचोटीचे गृहस्थ. तक्रार त्यांच्याविरुद्ध नव्हती. तक्रार अशी की मजुराचा वकील सरकार कोण नेमणार? ३१ ऑक्टोबर १९२० रोजी बोरीबंदराजवळच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय आणि स्वागताध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा. मोतीलाल नेहरू, बेझंटबाई, जिना, विठ्ठलभाई पटेल हे सारे हजर होते. ज्यांनी कुणी कधी अधिवेशन भरविले असेल त्यांना ठाऊक आहे की अध्यक्षाच्या गळ्यात हार पडतो आणि स्वागताध्यक्षाच्या गळ्यात मंडपाचे, वर्गणीचे नि रुसव्याफुगव्यांचे लोढणे! पुढच्या वर्षीचे अधिवेशन झरियाच्या कोळसा-खाणींच्या मुलखात झाले. खाणमालकांचा त्यास कडवा विरोध होता, तरी हजारो खाणकामगार लोटले. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष बाप्टिस्टा होते.

मजुराला वकील कशास हवा, असे आमचे तरुण सहकारी अनेकदा विचारतात. त्यांना आम्ही मद्रासची हकीकत सांगतो. १९१८ साली तेथे बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन काढली. १९२० मध्ये बकिंगहॅम गिरणीत टाळेबंदी झाली, तेव्हा मालकांनी हायकोर्टात दावा लावला की, ह्या पुढाऱ्यांनी आमच्या नोकरांना करार मोडावयास लावले, सबब नुकसानभरपाई द्या. कोर्टाने मनाई हुकूम दिला. शेवटी तडजोड झाली ती वाडियांनी युनियनमधून बाजूस व्हावे ह्या बोलीवर. म्हणजे त्या काळी संप पुकारणे हाच दिवाणी गुन्हा ठरू शकत होता! संघटना म्हणजे कट. नोंदणी नाही, संरक्षण नाही. अशा काळात ज्याला सनद आहे, ज्याला न्यायाधीश बसावयास सांगतो, असा माणूस मजुराच्या बाजूस उभा राहिला तर त्याची किंमत किती, हे आज नोंदणीचा दाखला भिंतीवर टांगून बसणाऱ्या युनियनला कळावयाचे नाही. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा ह्या अडचणीतून आला. त्याने संघटनेस दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले आणि निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष कामगार असावेत, बाकीचे बाहेरचे चालतील, अशी सोय ठेवली. २००१ साली बाहेरच्यांचे प्रमाण पुष्कळच घटविण्यात आले आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो जुना कायदा सामावला गेला. बाहेरचा माणूस युनियनमध्ये नको, असा मालकवर्गाचा धोशा शंभर वर्षांचा आहे. स्वतः मात्र ते कधी वकिलाशिवाय पायरी चढत नाहीत.

वकील असला म्हणजे जिंकतोच असेही नाही. १९२३ चा बोनस देणार नाही असे मुंबईच्या गिरणीमालकांनी जाहीर केले आणि १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. संपकऱ्यांची बाजू मांडणाऱ्यांत बाप्टिस्टा होते. सरन्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की कामगारांचा बोनसवर हक्क रूढीनेही नाही, कायद्यानेही नाही आणि न्यायबुद्धीनेही नाही. दोनेक महिन्यांनी उपाशीपोटी संप मोडला. त्याच वर्षी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून बाप्टिस्टा जिनिव्हाच्या परिषदेस गेले. बोनस हा कायद्याने हक्क ठरावयास १९६५ साल उजाडावे लागले. दिवाळीच्या आधी गेटवर बोनसचे आकडे पुकारताना आम्हांला हे एकेचाळीस वर्षांचे अंतर आठवते. ज्यांनी तो पहिल्यांदा मागितला त्यांतल्या पुष्कळांनी तो हक्क म्हणून कधी घेतलाच नाही.

आता आमचा आणि काकांचा मतभेद. मालक आणि मजूर हे एका धंद्यातले भागीदार आहेत, मजुराला केवळ विकत घेतलेला हात समजू नये, अशी त्यांची शिकवण. वर्गयुद्ध त्यांना मान्य नव्हते. इंग्लंडातल्या सौम्य समाजवाद्यांचा हा संस्कार खरा; पण तेवढाच नसावा, असे आम्हांस वाटते. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या प्रश्नावर 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. मजुराला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, ती त्याने राजीखुषीने कमी घेतली म्हणून अन्याय न्याय होत नाही, मजुरांस संघ करण्याचा नैसर्गिक हक्क आहे, आणि मालक-मजूर हे जन्माचे वैरी नव्हेत, अशी त्याची मांडणी. काकांची भागीदारीची कल्पना आणि ही मांडणी शेजारी शेजारी ठेवली तर नाते लपत नाही. चर्चने गरिबाला केवळ सोसावयास शिकविले असे आम्ही तरुणपणी मोठ्या आवेशाने बोलणारे लोक ऐकले आहेत. ज्याने ते पत्रक वाचले त्याला तसे सरसकट बोलता येणार नाही. भागीदारीवर मात्र आमचा विश्वास बसलेला नाही. नफ्याच्या वेळी आम्ही नोकर आणि तोट्याच्या वेळी भागीदार, असा अनुभव आम्ही फार वेळा घेतला.

तरीही काकांच्या आयुष्यातली एक गोष्ट आम्हांस आमच्या सिद्धांतांहून मोठी वाटते. त्यांनी आपला धर्म सोडला नाही, आपली पाखाडी सोडली नाही आणि तिच्यात अडकूनही पडले नाहीत. गिरणगावचा कामगार बहुतांशी हिंदू, त्याच्या शेजारी विणकर मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या कामगाराला तर विणखात्यात पाऊलही टाकू देत नसत. ह्या साऱ्यांच्या वतीने बोलताना काकांना कोणी 'तू कोण' म्हणून अडविले नाही. आमच्या कामात काही वर्षांपूर्वी एक प्रसंग आला. ह्याच किनाऱ्यावरच्या एका गुदामात पगारवाढीचा तंटा चालू होता. मालकाने चतुराई अशी केली की, एका गावच्या पोरांना कायम करतो म्हणाला, दुसऱ्या गावाला गणपतीची उचल वाढवून दिली आणि चारदोन ख्रिस्ती कामगारांना गुड फ्रायडेची सुटी देऊन 'तुमचे काम झाले' म्हणाला. तीन दिवसांत एका संघटनेच्या तीन संघटना झाल्या. त्या वेळी एक वयस्क ख्रिस्ती फोरमन उभा राहिला आणि म्हणाला, "सुटी आमची हायेच, ती आमी घेनार. पन पगार सगल्यांचा." त्याने बाप्टिस्टांचे नाव ऐकले होते की नाही, आम्ही विचारले नाही. तंटा मिटला तो सगळ्यांच्या पगारावर मिटला. चर्चला जाणारा, भजनाला जाणारा, मशिदीत जाणारा कामगार युनियनला कच्चा, असे समजणाऱ्या आमच्या काही विद्वान मित्रांना आम्ही तेव्हापासून उत्तर देणे सोडून दिले आहे.

गांधीजींच्या असहकाराच्या वाटेने काका गेले नाहीत. टिळकांच्या शाळेतला माणूस. कौन्सिलात जावे, कॉर्पोरेशनात भांडावे, पदरात पडेल ते घेऊन पुढचे मागावे, ही त्यांची रीत. १९२५-२६ साली ते मुंबईचे महापौर झाले. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, पाण्याच्या टाकीवरच्या बागेस त्यांचे नाव आहे. तेथून गोद्या दिसतात, हवा स्वच्छ असली तर समुद्रापलीकडे आपला उरणचा डोंगरही दिसतो. बागेत फिरावयास येणाऱ्यांपैकी किती जणांस तो मनुष्य कोण हे ठाऊक असेल, ते सोडून देऊ.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत चळवळीची सूत्रे दुसऱ्या पिढीकडे गेली होती. १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप डांगे आणि जोशी यांच्या नावांनी ओळखला जातो. १९२९ साली नागपुरास ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. भागीदारीची भाषा कोणास ऐकावयाची नव्हती. नव्या रक्ताचे ते चुकले असेही आम्ही म्हणत नाही. काका १८ सप्टेंबर १९३० रोजी वारले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरले. ज्या शिवडीहून आज अटल सेतू निघतो आणि आपल्या न्हावा-शेव्याकडे येतो, तीच शिवडी. तो सविनय कायदेभंगाचा काळ होता आणि देशभर जंगल सत्याग्रह चालू होते. काकांना माती देऊन आठवडा होतो न होतो तोच, २५ सप्टेंबर रोजी, खाडीच्या ह्या अंगास चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर आपल्या आगरी-कातकऱ्यांवर पोलिसांच्या बंदुका सुटल्या.